आधी दादाला विचारा

"अंघोळ स्वतः करतो का?"

दादाच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी तपासणी करणाऱ्या मॅडमनी विचारलं आणि आईनी लगेच सांगून टाकलं, हो हो, सगळं स्वतः करतो, अंघोळ, कपडे, बटणं, केस विंचरणं, सगळं. सांगताना आईचा चेहरा असा होता ना, पोराचा शाळेत नंबर आल्यावर आईचा होतो तसा. मॅडमनी कागदावर टिक केली आणि पुढचा प्रश्न विचारला. दादा खुर्चीत बसून शर्टाच्या बाहीची घडी सारखी करत होता, मी भिंतीला टेकून उभा होतो आणि त्या टिकमुळे पुढे काय होणारे ते आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याला बौद्धिक अक्षमता आहे, जुन्या दाखल्यावर 'मतिमंद' असं लिहिलेलं होतं, तो शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. त्याला लोकांची नावं एकदा ऐकली की पाठ होतात, वर्षानुवर्षं विसरत नाही. गाण्याची दोन सेकंद वाजली की ओळखतो. नोटा रंगावरून ओळखतो पण किती द्यायच्या आणि किती परत घ्यायच्या ते त्याला जमत नाही, समोरचा मागेल तेवढ्या देऊन मोकळा होतो. गेली अकरा वर्षं तो एका कार्यशाळेत फाइली आणि पाकिटं बनवायचं काम करतो आणि एक दिवस जरी सुट्टी पडली तरी त्याचा मूड जातो.

हे सगळं कागदपत्रांचं प्रकरण सुरू झालं ते बाबा आजारी पडले म्हणून. तोपर्यंत सगळं बाबा बघायचे, म्हणजे सगळं बाबांच्या डोक्यात होतं आणि एका जुन्या पत्र्याच्या पेटीत होतं. बाबा दवाखान्यात असताना मी ती पेटी उघडली तर दादाचा एकच दाखला सापडला, हातानी लिहिलेला, टक्क्यांच्या रकान्यातली शाई उडालेली, सही कोणाची ते वाचता येत नाही असा. २०२१ च्या जूनपासून दाखले फक्त ऑनलाइन यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, पोर्टलवरूनच द्यायचे असं केंद्राचं ठरलं, त्यामुळे जिथे जाऊ तिथे "यूडीआयडी आहे का" हाच पहिला प्रश्न. मग अर्ज भरला, फोटो अपलोड केला, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव यात एका अक्षराचा फरक निघाला म्हणून तो आधी दुरुस्त केला आणि सरकारी रुग्णालयात पुन्हा तपासणीची तारीख मिळाली. तीच ती खोली, तीच ती टिक.

आता ती तपासणी काय असते ते सांगतो कारण मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बौद्धिक अक्षमतेत आयक्यूची टेस्ट असते आणि त्याच्याबरोबर व्हीएसएमएस नावाची एक टेस्ट असते, वाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल, आपल्याकडे मालिन यांनी भारतासाठी केलेलं रूप वापरतात, त्यात ८९ मुद्दे आहेत. माणूस रोजच्या आयुष्यात काय काय करू शकतो ते त्यात बघतात आणि मुख्य म्हणजे ते बरंचसं घरच्या माणसाला विचारून बघतात. म्हणजे आई जे बोलेल त्याचा आकडा होतो. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्या टेस्टचा स्कोअर ५५ ते ६९ आला की ५० टक्के, ३६ ते ५४ आला की ७५ टक्के, २१ ते ३५ आला की ९० टक्के, त्याच्याखाली १००.

दादाला ५० टक्के मिळाले. सौम्य.

आई म्हणाली, बरं झालं की, कमीच आहे म्हणजे चांगलंच ना. मला पण क्षणभर तसंच वाटलं. कायद्यानी ४० टक्के झाले की तुम्ही 'लक्षणीय दिव्यांग', म्हणजे सवलतींच्या यादीत बसणारे, त्यामुळे ५० काय आणि ७५ काय, बसतो तर दोन्हीतही. पण अडचण पुढे कळली. दादा एकटा बसनी जाऊ शकत नाही, चुकीच्या स्टॉपवर उतरला तर घरचा पत्ता सांगेल पण रस्ता कोणाला विचारणार नाही, तिथेच उभा राहील, एकदा चार तास उभा होता. आणि एसटीत दिव्यांग माणसाला ७५ टक्के सवलत आहे पण त्याच्या साथीदाराला ५० टक्के हवी असेल तर दाखल्यावर ६५ टक्के किंवा जास्त लागतात. पैशाचं एक वेळ सोडा. त्या कागदावर सौम्य लिहिलं की पुढच्या प्रत्येक टेबलावर विचारणार, सौम्य आहे ना, मग याला सोबत कशाला लागते, मग याला पालक कशाला पाहिजे, मग हा कमवू का शकत नाही. शिवाय अठरा वर्षांनंतर दिलेला हा दाखला कायमचा असतो. चुकीचा आकडा आयुष्यभर चिकटणार.

खिडकीवर विचारलं तर म्हणाले एकदा दिलं की बदलत नाही. हे खरं नाही. २०१६ चा जो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे, ज्यानी सातच्या जागी २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली, त्याच्या कलम ५९ मध्ये दाखल्याविरुद्ध अपील करता येतं असं स्पष्ट आहे आणि नियमांत त्यासाठी ९० दिवस दिलेत. मी ते कलम मोबाइलवर वाचलं, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली, अर्जाला जोडली आणि दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीवर गेलो. भांडलो नाही. फक्त म्हणालो की साहेब अपील करायचंय, अर्ज घ्या आणि पोच द्या. अर्ज घेतला.

अपिलाचा अर्ज तर दिला, पण नुसतं "आकडा चुकलाय" म्हणून कोण ऐकणार? दादाच्या कार्यशाळेतल्या सरांनी मला एक गोष्ट सुचवली आणि ती सोन्यासारखी ठरली. ते म्हणाले वही घाला, पंधरा दिवस रोज लिहा, आणि 'करतो' हा शब्द वापरायचाच नाही. 'न सांगता करतो', 'सांगितल्यावर करतो', 'हात लावावा लागतो' असे तीन रकाने करा.

त्या वहीत आमचं घर उलगडलं बघा. अंघोळ. आई पाणी काढते, गरम गार बघते, कारण दादाला ते कळत नाही आणि एकदा भाजलंय. मग आई त्याला हाक मारते, मग बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून म्हणते आता साबण, आता डोक्यावर पाणी, आता कानामागे. बाहेर आल्यावर बघते की साबण राहिलाय का. कपडे आदल्या रात्री काढून क्रमानी ठेवते, बनियन वर, मग शर्ट, मग पँट. आणि मग तो 'सगळं स्वतः करतो'. आई खोटं बोलली नव्हती. तिनी तीस वर्षं घालवली होती त्याला बटण लावायला शिकवण्यात, ते बटण लागलं त्या दिवशी ती रडली होती, आणि आता कोणी अनोळखी बाई विचारते बटण लावतो का, तर ती काय सांगणार? तिच्या दृष्टीनी "हो" हेच उत्तर होतं, आणि स्वतः ती दाराबाहेर उभी असते हे तिला मदत वाटतच नव्हतं, तिला ते आईपण वाटत होतं.

वही वाचून आई गप्प बसली. नंतर म्हणाली, मी नसले तर त्या दाराबाहेर कोण उभं राहील रे. बाबांच्या आजारपणात सुद्धा ती असं बोलली नव्हती.

दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा मी पूर्ण तयारीनी गेलो. वही, कार्यशाळेचं पत्र, विशेष शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं, भाजल्याचे केस पेपर. या वेळेला सगळं मी बोललो. धडाधड. हे येत नाही, ते येत नाही, पैसे कळत नाहीत, रस्ता कळत नाही, साबण राहतो, चड्डी उलटी घालतो, रात्री कधी कधी अंथरूण ओलं होतं. समोरचे डॉक्टर चांगले होते, नीट ऐकत होते, लिहून घेत होते, आणि मला मनातून जिंकल्यासारखं वाटत होतं, खरंच सांगतो, वाटत होतं की आता बरोबर आकडा येणार. आला पण. ७५ टक्के.

दादा तिथेच बसला होता. माझ्यापासून दोन हातावर.

घरी येताना तो एक शब्द बोलला नाही. आम्हाला वाटलं दमला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनी पाणी काढलं, हाक मारली, तो आत गेला आणि आतून कडी लावली. आजवर त्यानी कधी कडी लावली नव्हती. आई बाहेरून म्हणाली आता साबण, तर आतून आवाज आला, "मला येतं." परत म्हणाली, तर परत तेच, जोरात, "मला येतं! छोट्याला सांग मला येतं!"

छोट्या म्हणजे मी.

मी दाराबाहेर उभा होतो आणि मला पायातली ताकद गेल्यासारखं झालं. त्याला सगळं कळलं होतं. त्याच्या अंथरुणाबद्दल मी एका परक्या माणसासमोर बोललो होतो आणि त्याला एकदाही विचारलं नव्हतं की मी हे सांगू का. मी त्याच्यासाठीच लढत होतो, हे खरंय, पण त्याला ते कसं दिसलं असेल? धाकटा भाऊ डॉक्टरला आपल्या चुका मोजून दाखवतोय, असं.

व्यवस्थाच अशी आहे की मदत पाहिजे असेल तर माणूस किती करू शकत नाही ते सिद्ध करायला लागतं आणि ते त्याच्यासमोर बसून करायला लागतं. घरात आपण त्याला रोज म्हणतो तुला येईल, कर, जमतंय बघ, आणि त्या खोलीत जाऊन नेमकं उलटं. हे टाळता येत नाही, मला तरी आलं नाही. पण त्याला न सांगता करायची काही गरज नव्हती, ती माझी चूक, पूर्णपणे माझी.

त्या रात्री मी त्याच्याजवळ बसलो आणि जमेल तसं सांगितलं. म्हणालो, दादा, मी तिथे वाईट बोललो. सरकार कार्ड देतं, त्या कार्डावर मदत मिळते, मदत किती पाहिजे ते सांगावं लागतं, म्हणून मी फक्त मदतीचंच बोललो, तुला काय येतं ते त्यांनी विचारलंच नाही. तो खूप वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गाणी मला येतात." म्हटलं हो, गाणी तुला येतात. "ते सांग."

तेव्हापासून आमचा नियम आहे. कुठल्याही ऑफिसला जायच्या आधी दादाला सांगायचं कुठे चाललोय, कशाला, आणि मी काय बोलणार. जे सांगायला त्याला लाज वाटते ते मी तोंडानी बोलत नाही, कागदावर लिहून देतो, ते वाचून घेतात, काही बिघडत नाही. आणि सुरुवात त्याच्यापासून होते, फाइल त्याच्या हातात असते, नमस्कार तो करतो, नाव तो सांगतो, "मी गाणी ओळखतो" हे पण बहुतेक वेळा सांगून टाकतो. सुरुवातीला मला वाटायचं वेळ जाईल, मागची लाइन ओरडेल. उलट झालं. टेबलापलीकडचा माणूस जो माझ्याकडे बघून "याला काय होतं?" विचारायचा, तो आता निदान एकदा तरी दादाकडे बघतो. न बघितलं आणि माझ्याकडेच बघून विचारलं तर मी एवढंच म्हणतो, त्याला विचारा ना, तो सांगेल, नाही सांगता आलं तर मी आहेच. सगळे विचारत नाहीत. एका ठिकाणी एक काका टेबल सोडून बाहेर आले, दादाच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि फॉर्ममधला एकेक रकाना त्याला वाचून दाखवून भरला. वीस मिनिटं लागली असतील. त्या काकांना मी अजून विसरलेलो नाही, दादा तर नाहीच, तो त्यांचं नाव आडनावासकट सांगतो.

हे झालं माणसांचं. कागदाचं काय, तर माझा एवढाच अनुभव की तोंडी सांगितलेलं हवेत जातं. "उद्या या" हे तोंडीच असतं. तुम्ही अर्ज लिहून दिला, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला, की तोच विषय वेगळा होतो. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात जी सेवा अधिसूचित आहे ती ठरलेल्या दिवसांत द्यायला लागते, नाही दिली तर अपील आहे. अर्ज कुठे अडकलाय ते कळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. मी आजवर दोनदा वापरला आणि दोन्ही वेळा उत्तर यायच्या आधी काम झालं. आणि खरंच कोणी ऐकतच नसेल तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, २०१६ च्या कायद्यानी राज्य आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी कोर्टासारखे अधिकार दिलेत, साक्षीला बोलावणं, कागद मागवणं वगैरे. माझ्यावर तिथे जायची वेळ आली नाही पण ते दार आहे हे माहीत असलं तरी बोलताना आवाज कापत नाही.

पैशाच्या योजनांबद्दल मला राग आहे. संजय गांधी निराधार योजनेत आधी महिना हजार मिळायचे, २०२३ मध्ये पंधराशे झाले, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार करायचा निर्णय झाला, चांगलंच झालं, ज्याला मिळतात त्याच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे. पण अट आहे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न पन्नास हजारांच्या आत. कुटुंबाचं. दादा चाळिशीला आलाय, त्याच्या नावावर काहीही नाही, कार्यशाळेत मिळतं ते जाण्यायेण्यात जातं, पण बाबांना पेन्शन आहे म्हणून तो त्यात बसत नाही. म्हणजे सरकारच्या हिशोबात तो कायम बाबांच्या घरातला मुलगाच राहणार, स्वतंत्र माणूस कधी होणारच नाही. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन तर दारिद्र्यरेषेखालच्या आणि दाखल्यावर ८० टक्के किंवा जास्त असलेल्या लोकांनाच, आणि केंद्राचा हिस्सा महिना ३०० रुपये, २०१२ पासून तेवढाच. तीनशे रुपयात काय होतं हो? चौदा वर्षांपूर्वीही काय होत होतं? मला इथे काही उपाय सुचत नाही, फक्त हे बोललं पाहिजे असं वाटतं, म्हणून बोलतोय.

आता पालकत्वाचं. हे ज्यांच्या घरी असा भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी आहे त्यांनी जरा नीट वाचा. मुलाला अठरा पूर्ण झाली की कायद्यानी तो सज्ञान होतो आणि आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. कितीही गंभीर अक्षमता असली तरी. आम्हाला हे बँकेत कळलं, दादाचं खातं उघडायला गेलो तेव्हा, बाबा काठी टेकत आले होते आणि समोरून विचारलं की पालकत्वाचं प्रमाणपत्र कुठंय. बाबा म्हणाले मी बाप आहे ना. ते म्हणाले कागद पाहिजे. बाबांचा चेहरा त्या दिवशी बघवला नाही.

कागद मिळतो. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, नॅशनल ट्रस्ट, तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, तिच्यावर जिल्हाधिकारी असतात, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. कोर्टात न जाता ही समिती पालक नेमते. आणि हे प्रमाणपत्र चालतं, रिझर्व्ह बँकेनी २००७ मध्येच बँकांना तसं कळवलंय, त्या परिपत्रकाची प्रिंट फाइलमध्ये ठेवा, मला उपयोगी पडली.

आईबाबांचं ठरलं की माझं नाव द्यायचं, त्यांचं वय झालं, पुन्हा पुन्हा बदलायला नको. मी दादाला आधी घरी विचारलं, तो हो म्हणाला, पण तो मला सगळ्यालाच हो म्हणतो त्यामुळे ते उत्तर कितपत खरं ते कळेना. समितीसमोर त्या दिवशी एक बाई होत्या व्हीलचेअरवर, त्यांनी आम्हाला सगळ्यांना थोडं मागे बसायला सांगितलं आणि दादाला जवळ बोलावून विचारलं, तुमचे कागद, तुमचे पैसे कोणी सांभाळावेत असं तुम्हाला वाटतं? "तुम्हाला" म्हणाल्या. दादानी माझ्याकडे बोट केलं. "छोट्या." त्या म्हणाल्या बरं. मग तो थोडा थांबून म्हणाला, "पण पैसे माझे."

त्या बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं, मी पाहिलं.

आणि कायद्याचंही म्हणणं तेच आहे, बारकाईनी वाचलं तर. पालकाला नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायला लागते आणि दर आर्थिक वर्षाचा हिशोब द्यायला लागतो. मी तो हिशोब आधी दादाला दाखवतो, चित्र काढून, नोटांचे रंग काढून, एवढे आले, एवढे गेले. तो किती समजतो माहीत नाही पण तो वही मागतो, दर महिन्याला, विसरत नाही. २०१६ च्या कायद्यात कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व सांगितलंय, म्हणजे पालकानी त्याच्या जागी बसून नाही तर त्याच्याबरोबर बसून, त्याची इच्छा बघून निर्णय घ्यायचा, ठरलेल्या गोष्टीपुरता आणि ठरलेल्या काळापुरता. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा दिव्यांग हक्कांचा करार आपण २००७ मध्ये मान्य केला, त्यातूनच हे आलं. राष्ट्रीय न्यासाचं पालकत्व त्याच्या आधीचं, जास्त सरसकट आहे. दोन कायदे दोन वेगळ्या विचारांचे आणि आपण मध्ये. मला स्वतःला मर्यादित पालकत्वच बरोबर वाटतं. तरी मी राष्ट्रीय न्यासाचाच कागद घेतला कारण बँक आणि पेन्शनच्या खिडकीवर तोच पटकन ओळखतात, आणि घरी मात्र दुसऱ्या कायद्याप्रमाणे वागायचा प्रयत्न करतो. हे बरोबर की चूक, मी अजून विचार करतोय.

दोन गोष्टी पटापट सांगून टाकतो. घरात कोणी सरकारी नोकरीतून रिटायर असेल तर दिव्यांग मुलाचं नाव त्यांच्या हयातीतच पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओवर, घालून घ्या. आमचे बाबा केंद्राच्या नोकरीत होते, आईनंतर दादाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण बाबा असताना सही करून जे दोन खेपांत झालं ते बाबा नसताना किती खेपांत झालं असतं याचा विचार करवत नाही. आणि राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वरच्या चारही प्रकारांसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट लागत नाही, ओपीडी आणि थेरपीचाही खर्च ठरलेल्या मर्यादेत मिळतो. खर्च आधी आपण करायचा, मग बिलं पाठवायची. ३१ मार्चला संपते, नूतनीकरण विसरू नका, एक वर्ष मी विसरलो आणि नेमका त्याच वर्षी दादाचा दात काढावा लागला.

यूडीआयडी कार्ड पोस्टानी आलं. पिवळी पट्टी असलेलं, ४० ते ८० टक्क्यांमधल्यांचं पिवळं असतं. पोस्टमन दादाला ओळखतो, त्याच्याच हातात दिलं. दादानी ते दिवसभर खिशात ठेवलं, रात्री उशीखाली.

गेल्या महिन्यात मावशीकडे जायचं होतं, मी आणि दादा दोघंच. एसटीत कंडक्टर जवळ आले तशी मी सवयीनी खिशात हात घातला, तिकीट मागायला तोंड उघडणार एवढ्यात दादानी माझ्या मांडीवर हात ठेवून मला थांबवलं. स्वतः कार्ड काढलं, कंडक्टरला दिलं, त्यांनी उलटसुलट करून बघितलं, ७५ टक्के वाचलं आणि माझ्याकडे मान करून विचारलं, हे कोण?

दादा म्हणाला, "हा माझ्याबरोबर आहे."